साउंडचा धंदा करणाऱ्यांनो, ‘टॉप’चा ॲम्प्लिफायर पारखून घ्या

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुणांनी साउंड भाड्याने देण्याचा जोडधंदा सुरू केला आहे. हळद, लग्न, नामकरण, जयंती, गायन पार्टीचा कार्यक्रम, या निमित्ताने वर्षातले काही महिने बऱ्यापैकी काम मिळते. भांडवल मात्र घरचेच असते. कुणी पतपेढीचे कर्ज काढतो, कुणाची आई बचत गटातून उचल घेते, कुणी बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावतो. हा सगळा पैसा पहिल्या दिवशी बेसमध्ये जातो. अठरा इंची स्पीकर, त्याला मोठा ॲम्प्लिफायर. गिऱ्हाईकही तेच विचारते, ‘बेस किती वॅटचा आहे?’ मग टॉपला, म्हणजे मिड आणि हायच्या पेटीला, घरात उरलेला जुनापुराणा ॲम्प्लिफायर जोडला जातो. नाहीतर याच्या उलट, बेससाठी आणलेल्या दोनपैकी एक दांडगा ॲम्प्लिफायर टॉपवर चढवला जातो. दोन्हीचा शेवट बहुतेक वेळा सारखाच होतो. हंगामाच्या ऐन मध्यावर हायचा डायफ्राम जळतो आणि एका लग्नाचे भाडे त्यात जाते.

नुकसान नुसते पैशाचे नाही. माणसाच्या बोलण्यातला भरदारपणा खालच्या सुरांत असतो, पण शब्दाचा अर्थ व्यंजनांत असतो. व्यंजने साधारण १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात आणि त्याच्याही वर ऐकू येतात. ‘स’ आणि ‘श’ तर आणखी वरचे. टॉप कमजोर किंवा फाटका वाजला की वक्ता ‘साठ’ म्हणतो आणि मागच्या रांगेला ‘आठ’ ऐकू येते. गायन पार्टीच्या कार्यक्रमात तर शब्दच सर्वस्व. गायकाने कडव्याच्या शेवटी टाकलेली कोपरखळी मागे बसलेल्या म्हातारीपर्यंत पोचली नाही, तर ढोलकी कितीही घुमली तरी कार्यक्रम पडला असेच समजायचे.

आता पेटीच्या आत काय असते ते पाहू. मिडला बहुधा दहा किंवा बारा इंची कागदी कोनचा स्पीकर असतो. हायला भोंग्याच्या मागे बसवलेला कॉम्प्रेशन ड्रायव्हर असतो. त्यात टायटॅनियमचा किंवा प्लॅस्टिकसारख्या पातळ पापुद्र्याचा डायफ्राम आणि त्याला चिकटवलेली अगदी बारीक तारेची कॉईल असते. बेसची कॉईल जाड तारेची आणि मोठी असते, पुढेमागे हलताना तिला थोडी हवा मिळते आणि ती बरीच उष्णता सोसते. हायच्या कॉईलला तशी सोय नाही. ती केसभर हलते आणि तापली की जळते. म्हणून इथे चुकीला माफी कमी.

ड्रायव्हरच्या पाठीवर बहुधा तीन आकडे लिहिलेले असतात. पहिला सलग सोसण्याचा, त्याला आरएमएस किंवा एईएस म्हणतात. दुसरा प्रोग्राम, तो पहिल्याच्या दुप्पट. तिसरा पीक, चौपट. दुकानदार तिसरा आकडा सांगतो, आपण पहिला बघायचा. ॲम्प्लिफायरचेही तसेच. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा पुष्कळदा २ ओहमचा किंवा ब्रिज करून मिळणारा असतो. आपल्याला हवा असतो तो ८ ओहमवर, दोन्ही चॅनल एकत्र चालू असताना, एका चॅनलला मिळणारा वॅट. हा आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो. तो दिसत नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर ते यंत्र घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हायला बेसइतके वॅट लागत नाहीत. याचे कारण भोंगा. चांगला भोंगा लावलेला ड्रायव्हर एका वॅटमध्ये, एक मीटरवर १०७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. मोठ्या कोनचा स्पीकर ९७ च्या आसपास देतो. फरक दहा डेसिबलचा, आणि दहा डेसिबल म्हणजे दहापट वॅट. बेस जे काम दहा वॅट खाऊन करतो ते भोंगा एका वॅटमध्ये करतो. शिवाय गाण्यातली बहुतेक ताकद मुळातच खालच्या सुरांत असते. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, हेही लक्षात ठेवावे. दीडशेच्या जागी तीनशे वॅट घेतले म्हणून मंडप दुप्पट गाजत नाही.

एक हिशेब करून पाहू. समजा, प्रत्येक टॉपमध्ये बारा इंची दोन मिड आहेत, दोन्ही ८ ओहमचे, सलग ३०० वॅट सोसणारे. ते समांतर जोडले की ४ ओहम आणि ६०० वॅट झाले. वर एक हाय ड्रायव्हर, ८ ओहमचा, सलग ७५ वॅटचा. ॲम्प्लिफायरची ताकद ड्रायव्हरच्या सलग आकड्याच्या एकपट ते दुप्पट असावी, हा व्यवहारातला सोपा नियम आहे. म्हणजे मिडला ४ ओहमवर एका चॅनलला ६०० ते १००० वॅट, आणि हायला ८ ओहमवर १०० ते १५० वॅट. बस्स. हायसाठी हजार वॅटचे यंत्र लावणे म्हणजे निरांजनाला टँकरने तेल घालण्यासारखे आहे.

मग अगदी बेताचे, ७५ च्या जागी ४० वॅटचे का नको? कारण हलगीचा फटका, झांजेचा खणखणाट, गायकाने जोराने उच्चारलेला ‘ट’, हे क्षणभरच येतात, पण सरासरीपेक्षा कितीतरी उंच उडी मारतात. त्या क्षणासाठी ॲम्प्लिफायरमध्ये जागा शिल्लक हवी. ती नसली की लहरीचा माथा सपाट कापला जातो. यालाच आपण क्लिप म्हणतो. तेव्हा लाल दिवा पेटतो आणि आवाज कानाला बोचतो.

‘लहान ॲम्प्लिफायरने ड्रायव्हर जळतो’ असे आपल्या धंद्यात सर्रास म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. ड्रायव्हर जळतो तो उष्णतेने, म्हणजे सोसवेल त्यापेक्षा जास्त सरासरी वॅट गेल्याने. लहान यंत्र जपून चालवले तर काहीच बिघडत नाही. पण शंभर वॅटचे यंत्र पूर्ण क्लिप होऊ लागले की त्यातून जवळजवळ दोनशे वॅटपर्यंत बाहेर पडू शकतात, आणि तेही सतत, मध्ये उसंत न देता. ज्यांच्या टॉपमध्ये आतच क्रॉसओव्हर बसवलेला आहे आणि मिड-हाय मिळून एकच ॲम्प्लिफायर आहे, त्यांना हा धोका अधिक. तिथे मिडला मिळणारी लहर कापली गेली की त्यातून नवे वरचे सूर तयार होतात आणि ते थेट हायच्या वाट्याला येतात. हाय बिचारा दुसऱ्याच्या पापाने जळतो. म्हणून ज्याला परवडेल त्याने बाहेरचा क्रॉसओव्हर घेऊन मिड आणि हायला वेगळे चॅनल द्यावेत.

यावर आपले ऑपरेटर एक तोडगा सांगतात, ‘मोठाच ॲम्प लाव आणि नॉब अर्ध्यावर ठेव.’ नॉब अर्ध्यावर ठेवल्याने यंत्राची ताकद अर्धी होत नाही. मिक्सरवरून कुणी उत्साही माणसाने फेडर वर ढकलला की तेच यंत्र पुन्हा पूर्ण ताकदीने तुटून पडते. खरा पहारेकरी म्हणजे लिमिटर. तो क्रॉसओव्हरमध्ये असतो आणि त्याचा आकडा काढणे शाळेतल्या गणिताइतके सोपे आहे. ७५ वॅटला ८ ओहमने गुणा, ६०० आले. त्याचे वर्गमूळ साधारण २४.५ व्होल्ट. ॲम्प्लिफायर आवाज ४० पट वाढवत असेल, म्हणजे त्याच्या माहितीपत्रकात ३२ डेसिबल गेन लिहिला असेल, तर २४.५ ला ४० ने भागा. उत्तर ०.६१ व्होल्ट. नॉब पूर्ण उघडा ठेवून क्रॉसओव्हरमधून हायला एवढ्यापेक्षा जास्त सलग जाऊ द्यायचे नाही. घरातल्या दहावीच्या मुलाला किंवा मुलीला हे गणित करायला बसवा, त्यांनाही मजा वाटेल.

पुष्कळदा चार टॉपचे चार हाय एकाच चॅनलवर अडकवलेले दिसतात. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २ ओहम. माहितीपत्रकात २ ओहमची परवानगी स्पष्ट लिहिली नसेल तर हे करू नये. यंत्र तापते, मध्येच बंद पडते, आणि ते नेमके पाहुणे बोलायला उभे राहिले की. हायचे चॅनल ब्रिज तर कधीच करू नयेत.

भोंगा जसा थोड्या वॅटमध्ये मोठ्याने वाजतो तसा तो ॲम्प्लिफायरची सळसळही मोठ्याने ऐकवतो. बेसला जोडलेले यंत्र जे दोष लपवते ते हायवर उघडे पडतात. विहाराच्या सभागृहात किंवा लहान हॉलमध्ये सगळे शांत बसलेले असताना भोंग्यातून ‘श्श्श’ येत राहिले तर वक्त्याचे लक्षही विचलित होते. यंत्र जितके मोठे तितका त्याचा गेन बहुधा जास्त आणि सळसळही जास्त. पूर्वी हायसाठी ट्रान्सफॉर्मरचे जड, एबी वर्गाचे यंत्रच हवे असा जाणकारांचा आग्रह असे. आता डी वर्गाची चांगली हलकी यंत्रेही हाय नीट वाजवतात. खिशाला परवडेल आणि टेम्पोत चढवताना कंबर मोडणार नाही ते घ्यावे. गावाकडे मात्र एक पाहावे. रात्री विजेचा दाब खाली येतो, तेव्हा जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्राची ताकद घटते आणि ते लवकर क्लिप होते. कमी दाबावरही टिकणारे यंत्र तिथे उपयोगी.

हायच्या तारेत एक कपॅसिटर घालावा. ॲम्प्लिफायर बिघडून त्यातून सरळ डीसी आला, चालू-बंद करताना धप्प आवाज झाला, किंवा अंधारात बेसची वायर हायला लागली, तरी ड्रायव्हर बहुधा वाचतो. क्रॉसओव्हर १६०० हर्ट्झला असेल तर ८ ओहमच्या ड्रायव्हरला ३० मायक्रोफॅरडचा पुरतो, तो ६६० हर्ट्झच्या आसपासपासून खालचे अडवू लागतो. साधा इलेक्ट्रोलिटिक चालणार नाही, फिल्मचा, बिनध्रुवाचा, २५० व्होल्टचा घ्यावा. डायफ्रामच्या मानाने त्याची किंमत किरकोळ असते. सुरू करताना मिक्सर आणि क्रॉसओव्हर आधी, ॲम्प्लिफायर सर्वात शेवटी. बंद करताना ॲम्प्लिफायर सर्वात आधी.

कायद्याचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. पोलिसांनी यंत्र उचलून नेले तर कर्जाचा हप्ता तुमच्याच घरी येतो. स्वच्छ टॉप असलेला साउंड कमी आवाजातही समजतो, हा त्याचा मोठा फायदा.

शेवटी जुन्या मालाविषयी. नवे यंत्र घेण्याची ऐपत सगळ्यांचीच नसते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा गावातल्या एखाद्या साउंडवाल्याकडून जुने घेताना मल्टीमीटर सोबत न्यावा. यंत्राला मिक्सर न जोडता, नॉब शून्यावर ठेवून, आऊटपुटवर डीसी व्होल्ट मोजा. काही थोडे मिलिव्होल्ट दिसले तर ठीक, शंभराच्या वर गेले तर खाली ठेवा. मग भोंगा जोडून नॉब पूर्ण उघडा आणि सळसळ ऐका. पंखा फिरतो का, मागून येणारी हवा जळक्या वासाची आहे का, झाकणाचे स्क्रू वारंवार उघडल्यासारखे झिजले आहेत का, तेही पाहा. अर्धा तास वाजवून दाखवा म्हणा. विकणारा घाई करू लागला तर पैसे खिशातच राहू द्या.