बिनसहीची क्यू

शिकागोच्या ब्रन्सविक कंपनीने बिलियर्ड्सचा विश्वविजेता विली हॉपे याच्या नावाने ‘टायटलिस्ट’ ही क्यू काढली, ती पूल हॉलच्या रॅकमध्ये उभी राहण्यासाठी. एकसंध काठी, येईल त्याने उचलावी, खेळावे आणि परत जागेवर ठेवावी. विसाव्या शतकातले अमेरिकेचे नामांकित क्यू-कारागीर मात्र तिच्याकडे कच्चा माल म्हणून बघत. ती कापून बट, म्हणजे मागचा जाड भाग, वेगळा करायचा, लेथवर फिरवून बारीक करायचा, तोंडाला पोलादी कडे आणि मळसूत्र बसवायचे, मुठीला आयरिश लिननचा दोरा गुंडाळायचा, मेपलचा नवा शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता भाग, जोडीला द्यायचा. एवढे झाले की रॅकमधली सार्वजनिक काठी कोणा एकाची खासगी वस्तू होई. तिच्यावर कारागिराचे नाव असेच असे नाही. बहुतेकदा नसेच.

अमेरिकेत जुन्या सामानाच्या विक्रीत, एखाद्याच्या तळघरात किंवा वारशाच्या खोक्यात अशा नाव नसलेल्या क्यू निघतात, आणि सापडलेल्या माणसाला पहिल्यांदा दोनच प्रश्न पडतात: ही कोणाची, आणि किती पैसे येतील? दोन्ही प्रश्न एकच आहेत असे तो समजतो. तिथेच गफलत सुरू होते.

सही का नसे, याची कारणे साधी आहेत. शिकागोचे हर्मन रॅम्बो यांच्या हयातीचा मोठा भाग ब्रन्सविकच्या नोकरीत गेला. माल कंपनीचा, नाव कंपनीचे. हॉपेच्या हातात रॅम्बोंची क्यू असे हे खेळणाऱ्यांना ठाऊक होते, आणि तेवढ्यावर गिऱ्हाईक येत होते. १९१२ साली रशियात जन्मलेले आणि १९२४ मध्ये न्यूयॉर्कला आलेले जॉर्ज बालाबुष्का हे पेशाने सुतारकाम करणारे. १९५९ च्या सुमारास त्यांनी क्यू बनवायला घेतल्या त्या आधी मित्रांना भेट देण्यासाठी. मित्राच्या हातात वस्तू देताना कोणी तिच्यावर सही करत नाही. पुढे ते सही करू लागले, पण सुरुवातीच्या कितीतरी क्यू बिननावाच्याच राहिल्या. शिवाय पुढच्या मालकाने पॉलिश काढून नवे चढवले की असलेले नावही घासले जाते. उलट प्रकारही आहे: काठीवर ठसठशीत नाव असते, पण ते गिऱ्हाइकाचे. हौशी खेळाडू स्वतःचे नाव घालून घेत, आणि पन्नास वर्षांनी ती व्यक्ती कारागीर समजून शोधली जाते.

मग बघायचे कुठे? सर्वांत आधी बटावर मुठीच्या वर चढत गेलेल्या टोकदार पाचरांकडे. ह्या पाचरा दोन पद्धतींनी येतात. पहिलीत गडद लाकडाचा एक दांडा आणि मेपलचा एक दांडा, दोन्हींना लांब दाते पाडून एकमेकांत घुसवतात. गडद लाकूड पाचरांपासून मुठीखालून शेवटपर्यंत एकच असते. टायटलिस्ट अशी होती. दुसरीत मेपलमध्ये इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खोबणी पाडून त्यांत पाचरा चिकटवतात, आणि मूठ हा वेगळा तुकडा असून तो आतून स्क्रूने जोडलेला असतो. बाहेरून दोन्ही सारख्या दिसू शकतात. पण मुठीवरचा दोरा बदलायला उघडला तर पहिल्या प्रकारात मेपलचे दाते उलट दिशेने गडद लाकडात उतरलेले दिसतात. क्ष-किरण चित्र काढले तर दुसऱ्या प्रकारात मुठीच्या वरच्या टोकाशी लोखंडाची पांढरी रेघ उमटते, पहिल्यात तिथे काहीच नसते. दुरुस्तीच्या कामात मुरलेले लोक दोरा उघडायची संधी सोडत नाहीत ती यामुळेच. दहा मिनिटांचे ते उघडे लाकूड एरवी बंद असते.

इतके कळले तरी कारागीर कळत नाही. टायटलिस्टचा दांडा रॅम्बोंनी वापरला, बालाबुष्कांनी वापरला, फिलाडेल्फियाजवळच्या गस झाम्बोटींनीही वापरला. पुढे शिकागोचे बर्टन स्पेन पाचरा घातलेले तयार दांडे बनवून इतर कारागिरांना विकत. बालाबुष्का त्यांचे गिऱ्हाईक होते. नंतर बालाबुष्कांनी झाम्बोटींकडून दांडे घेतले. म्हणजे क्यूचा सर्वांत देखणा, फोटोत आधी भरणारा भाग हाच कर्त्याबद्दल सर्वांत कमी सांगतो. एकाच स्पेनने दिलेले दोन दांडे दोन वेगळ्या शहरांत, दोन वेगळ्या नावांनी पुरे झालेले असू शकतात. नवखा खरेदीदार नेमका इथेच अडकतो. चार रंगीत पट्ट्यांच्या पाचरा दिसल्या की त्याला बालाबुष्का दिसू लागतो.

ज्या कामात कारागिराला दुसऱ्याची मदत नव्हती ते काम सांध्याचे. बालाबुष्कांच्या सांध्याला पोलादी कडे, त्यात ५/१६ इंच जाडीचे आणि इंचाला १४ आटे असलेले मळसूत्र, आणि शाफ्टच्या तोंडाला पितळी बुडी जी कड्यात अलगद बसते. मॅकडरमॉट कंपनीने वर्षानुवर्षे ३/८ इंच आणि १० आट्यांचे मळसूत्र, सपाट तोंडाने ठेवले. आटे मोजायला पट्टी आणि भिंग पुरते. ज्याच्या क्यूचे आटे १० भरतात त्याने साठच्या दशकातल्या न्यूयॉर्कची स्वप्ने तिथेच आवरावीत. आटे १४ भरले तरी हुरळायला नको, कारण बालाबुष्कांनंतर कित्येकांनी तोच सांधा उचलला. आटा बहुतेक वेळा ‘हा नव्हे’ एवढेच सांगतो. या कामात ते थोडे नाही.

बाकीच्या खुणा बारीक आहेत. कड्यांची रुंदी, सांध्याजवळच्या रंगीत वर्तुळांची रचना, बटाच्या तळाचे रबर काढल्यावर आत दिसणारा वजनाचा बोल्ट, शाफ्टची निमुळती होत जाण्याची चाल. एकाच कारागिराच्या पाच-सहा अस्सल क्यू हाताळल्याशिवाय यातले काही उमगत नाही. पुस्तके मदत करतात: व्हिक्टर स्टीन आणि पॉल रुबिनो यांचा ‘बिलियर्ड एन्सायक्लोपीडिया’ आणि किंमतींसाठी ब्रॅड सिम्पसन यांचे ‘ब्लू बुक ऑफ पूल क्यूज’. पण चित्रातल्या क्यूचे वजन आणि तोल हाताला लागत नाही.

स्वस्त माल ओळखणे त्या मानाने सोपे. पाचरांवरून नख फिरवा आणि भिंगातून पाहा. चित्र नुसते चिकटवलेले किंवा छापलेले असेल तर खालच्या मेपलच्या रेषा पाचरांखालून तशाच सरळ पुढे जाताना दिसतात. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरलेल्या खोबणीचे आतले कोपरे गोल निघतात, कारण फिरते पाते गोल असते. हाताने ते साफ न केल्यास पाचरेचे टोक बोथट राहते. खोबणीत बसवलेली खरी पाचर सुईसारखी संपते. हस्तिदंताचे कडे असल्याचा दावा असेल तर कापलेल्या टोकाशी एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी शोधावी. प्लास्टिकला ती नसते. तापवलेली सुई टोचून बघायचा जुना उपाय मात्र कोणी करू नये. खरा हस्तिदंत असला तरी एका डागाने क्यूची किंमत खाली येते.

सही असली तर सगळे प्रश्न सुटतात हाही गोड समज आहे. जपानमधल्या ॲडम कंपनीने बालाबुष्का हे नाव परवान्याने घेऊन कारखान्यात क्यू बनवल्या. त्यांच्यावर नाव आहे, पण १९७५ मध्ये वारलेल्या माणसाचा हात त्यांना लागलेला नाही. १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ चित्रपटाने बालाबुष्का हे नाव खेळाबाहेरच्या माणसांपर्यंत नेले. पॉल न्यूमन टॉम क्रूजला जी क्यू देतो ती बालाबुष्का म्हणून दाखवली आहे. प्रत्यक्षात ती जॉस कंपनीची होती. पडद्यावर पाहिलेल्या क्यूशी आपली क्यू ताडून बघणारे लोक भलत्याच वस्तूशी तुलना करत असतात.

आपल्याकडच्या जिमखान्यांत हाच पेच वेगळ्या रूपात आहे. तिथल्या जुन्या क्यू इंग्रजी धाटणीच्या, ॲश लाकडाच्या. बटाची एक बाजू चपटी केलेली आणि त्यावर कंपनीचा किंवा विजेत्याचा बिल्ला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले, तेव्हाच्या पिढीला हे बिल्ले ठाऊक होते. पण बिल्ला सुटतो आणि दुसऱ्या काठीवर चिकटतोही.

आता पैसे. अस्सल बालाबुष्का क्यू आज हजारो डॉलरला जाते. तशीच, तितकीच चांगली, पण फक्त ‘बहुधा त्यांची’ असलेली क्यू त्या किंमतीच्या आसपासही जात नाही. लाकूड तेच, मधला फरक साक्षीचा: मूळ मालकाची पावती, जुने पत्र, ती क्यू हातात असलेला तारखेचा फोटो, किंवा बाजार ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो अशा जाणकाराचा लेखी अभिप्राय. त्यानंतर येतात मूळ शाफ्ट आहेत का, वाक आला आहे का, शाफ्ट घासून घासून १३ मिलिमीटरवरून किती उतरला आहे, पॉलिश कोणी नवे चढवले. विकण्यापूर्वी ‘जरा चमकवून’ घेणारा माणूस पुष्कळदा पुरावाच घासून टाकतो.

न्यूजर्सीतल्या मराठी घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण घराबरोबर तळघरातले टेबल आणि रॅकही पदरात पडू शकते. न्यूजर्सी आणि न्यूयॉर्क या दोन्ही राज्यांनी २०१४ मध्ये हस्तिदंताच्या विक्रीवर कडक कायदे केले, आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने आफ्रिकी हत्तीच्या दातांच्या व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी आणली. हस्तिदंती कडे असलेली क्यू एका राज्यात विकता येईल, शेजारच्या राज्यात नाही. ती भारतात आणायचा विचार तर सोडूनच द्यावा. गडद पाचरा शिसवीच्या जातीतल्या असतील तर २०१७ पासून त्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहेत, तेव्हा सीमेपार विकायचे तर सध्याचे नियम आधी पाहून घ्यावेत. विक्रीची जाहिरात देण्याआधी कडे कशाचे हे ठरवून घ्यावे. कर्ता कोण, हा प्रश्न त्यानंतर सवडीने सोडवता येतो.