तीन तारे आणि तीस जागा

जबलपूरच्या ओमती भागात राहणाऱ्या माणसाला सैन्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटांची केंद्रे याच शहरात आहेत. परवा शेजारची एक मराठी मुलगी ‘नीट’ची पुस्तके घेऊन घरी आली आणि तिने विचारले, ‘‘काका, सैन्यातली डॉक्टर जनरल होऊ शकते का, की शेवटपर्यंत नुसती डॉक्टरच राहते?’’

मी तिला माधुरी कानिटकर यांचे नाव सांगितले. धारवाडला जन्मलेल्या कानिटकर १९७८ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजेच ‘एएफएमसी’त दाखल झाल्या आणि १९८२च्या अखेरीस सैन्याच्या सेवेत रुजू झाल्या. बालरोग हा त्यांचा विषय. पुढे लहान मुलांच्या मूत्रपिंडविकारांचे विशेष शिक्षण घेऊन त्यांनी लष्करी रुग्णालयांत त्या उपचारांचा पाया घातला. ज्या महाविद्यालयात त्या शिकल्या, त्याच्याच त्या अधिष्ठाता झाल्या. त्यानंतर उधमपूरला उत्तर विभागाच्या वैद्यकीय सेवेची धुरा त्यांच्याकडे आली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी त्या लेफ्टनंट जनरल झाल्या. त्यांचे पती राजीव कानिटकर यांनीही हेच पद भूषविले होते. भारतीय सैन्यातील असे हे पहिलेच दाम्पत्य होय.

या बढतीच्या अवघ्या बारा दिवस आधी, १७ फेब्रुवारी रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया खटल्याचा निकाल दिला होता. सैन्याच्या दहा शाखांतील स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशन द्यावे आणि नेतृत्वाची पदे त्यांना सरसकट नाकारू नयेत, असा तो निर्णय. या दोन घटना एकापाठोपाठ घडल्या, तरी पहिलीमुळे दुसरी घडली नाही. वैद्यकीय कोअरने स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर नियमित कमिशन देण्यास १९५८ मध्येच सुरुवात केली होती. इतर शाखांची दारे १९९२ मध्ये उघडली, आणि तीही अल्पकालीन सेवेपुरती. या चौतीस वर्षांच्या अंतराचा परिणाम स्पष्ट आहे. २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल झालेल्या पुनीता अरोरा यांच्यापासून २०२४ मध्ये सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झालेल्या आरती सरीन यांच्यापर्यंत, तीन ताऱ्यांच्या पदावर पोचलेल्या स्त्रिया वैद्यकीय सेवेतूनच आल्या.

इतिहासाचा विद्यार्थी आणि प्रशासनाचा जुना सेवक म्हणून मला यातून एकच गोष्ट दिसते. सर्वोच्च पद न्यायालयाच्या निकालाने किंवा मंत्रालयाच्या आदेशाने एका दिवसात मिळत नाही. त्यासाठी सलग साडेतीन-चार दशकांची सेवा, वेळेवर मिळालेली प्रशिक्षणे आणि नेतृत्वाच्या नेमणुका लागतात. आज शिखरावर जे दिसते, ते चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रवेशनियमांचे फळ असते.

म्हणूनच आजच्या प्रवेशनियमांकडे पाहणे अगत्याचे आहे. ‘एएफएमसी’च्या प्रवेशसूचनांत वर्षानुवर्षे १४५ जागांपैकी ११५ मुलांसाठी आणि केवळ ३० मुलींसाठी राखलेल्या आढळतात. सीमेवरील तुकड्यांना पुरुष डॉक्टर लागतात, असे समर्थन यावर केले जाते. ते अगदीच निराधार नाही; दुर्गम चौक्यांवरील राहणीच्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु जम्मू-काश्मीर आणि लडाख यांची जबाबदारी वाहणाऱ्या उत्तर विभागाची वैद्यकीय धुरा एका स्त्रीने सांभाळल्यानंतर हे समर्थन पूर्वीइतके ठाम उरत नाही. गरज असेल, तर ती आकडेवारीनिशी मांडावी आणि ठरावीक काळाने तपासावी. न तपासलेली मर्यादा हळूहळू परंपरा बनते, आणि परंपरेला कोणी कारण विचारत नाही.

मी त्या मुलीला म्हटले, ‘‘होऊ शकते, बाळ. पण आधी त्या तिसांत यावे लागेल.’’

तिने पुस्तक उघडले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. त्या तीसच्या आकड्याचे उत्तर मात्र दिल्लीने द्यायचे आहे.