प्रश्न विचारणारं दशक

ऑक्टोबर 2024 मध्ये गडचिरोलीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. त्याच्या आदल्याच महिन्यात अहेरी तालुक्यातल्या आईबापांनी तापाने गेलेली आपली दोन लेकरं खांद्यावर घेऊन पायी गाव गाठलं होतं. या दोन बातम्या पाठोपाठ वाचल्या आणि 1988 ते 1998 हा काळ मनातून हलेना.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. 1973 मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाला आले. अस्वलाने फाडलेल्या, सापाने डसलेल्या माणसांना भामरागडच्या रानात त्यांचा दवाखाना हाच एक आसरा होता. 1982 मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. कचेऱ्या आल्या, पण पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की रस्ता बंद, हे बदललं नाही.

मग डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू झालं. 1988 मध्ये त्यांच्या कामाच्या गावांत हजार जन्मांमागे 121 बालकं वर्षाच्या आत दगावत होती. मुलाला ‘डब्बा’ झाला, म्हणजे न्यूमोनिया झाला, की हाती फार वेळ नसतो आणि दवाखाना लांब. तेव्हा त्यांनी सुईणींना आणि गावातल्या पोरांना श्वास मोजायला शिकवलं, औषध त्यांच्या हाती दिलं आणि शेजारच्या गावांशी तुलना करून हिशेब मांडला. न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेतल्या गावांच्या निम्म्याहून कमी निघाले. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला.

पुढचं पाऊल अधिक धाडसाचं होतं. 39 गावांत आरोग्यदूत बाया बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासू लागल्या, जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देऊ लागल्या. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांमागे आधी सोळा-सतरा जात. ते प्रमाण तिनाच्याही खाली आलं. 1999 मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

त्या काळी मी या भागात बातमीदारी करत होतो. शहरातले जाणकार माझ्या तोंडावर म्हणत, थोडंफार शिकलेली बाई सुई टोचणार, हा पोरखेळ आहे. त्यांच्यापैकी एकानेही पर्याय सांगितला नाही. बाळ घरात मरत होतं आणि डॉक्टर तिथे नव्हता. या वस्तुस्थितीला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. सरकारी नोंदींत बालमृत्यू कमी दिसत, कारण ते लिहिलेच जात नसत. 2001 च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने ते उघड केलं. 2011 मध्ये देशाने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत आशाताईंकरवी स्वीकारली, पण इंजेक्शन मात्र त्यांच्या हाती दिलं नाही. पुरावा मान्य आणि बाईवर विश्वास अमान्य, याचा राग मला आजही येतो.

आज 108 ची गाडी आहे, चंद्रपुरात 2015 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी कॅज्युअल्टीच्या दारात सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द ‘रेफर’ हाच. अहेरीहून गडचिरोली, तिथून चंद्रपूर किंवा नागपूर. साप चावल्यापासून प्रतिविषाचा पहिला डोस मिळेपर्यंत किती तास गेले, रुग्ण कोणत्या टप्प्यावर खचला, हे शोधणं हेच इथलं संशोधन आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण उशाशी बसून पाहिले, म्हणूनच त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगाला कळला.

नव्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी पहिला अभ्यास आपल्याच कॅज्युअल्टीच्या रजिस्टरावर करावा. प्रत्येक रुग्ण निघाला कधी, पोचला कधी, उपचार मिळाला कधी आणि रेफर केल्यावर त्याचं काय झालं, हे लिहून दरवर्षी जाहीर करावं. हिशेब मांडल्यावर मृत्यू रोखता येतात, हे याच जिल्ह्याने जगाला दाखवलं आहे.