वाटाघाटीचा मक्ता

मुंबईच्या दोन शेजारच्या गिरण्यांत, एकाच प्रतीचे कापड तितक्याच साच्यांवर विणणाऱ्या दोन कामगारांच्या हाती महिन्याअखेर वेगवेगळी रक्कम पडावी, आणि त्या भेदाचे कारण मालकाच्या व जॉबराच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीपलीकडे शोधूनही सापडू नये, ही अवस्था १८५६ साली या शहरात पहिली गिरणी सुरू झाल्यापासून जवळजवळ नव्वद वर्षे टिकून होती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज सिद्ध केला, त्यात रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार अशा साध्याच मागण्या होत्या. पैकी रविवार पदरात पडण्यास १८९० साल उजाडावे लागले.

दरांविषयी मालकाशी बरोबरीने बोलावे, ही आकांक्षा संघटित रूपाने प्रकटली ती १९२८ च्या संपात. दोनांऐवजी तीन साचे एकाने सांभाळावे, यांसारख्या योजनांविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले, आणि त्याच काळात उदयास आलेल्या गिरणी कामगार युनियनने गिरणी-समित्या उभारून जॉबराच्या मध्यस्थीला पर्याय दिला. पुढे १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने वेतनाचे प्रमाणीकरण झाले व किमान मूळ वेतन ३० रुपये ठरले. मजुरी कापून तगणाऱ्या मालकाची ती वाट दर सर्वत्र समान होताच बंद होते आणि त्याला यंत्रे, कापसाची खरेदी व कारभार सुधारणे भाग पडते. सामुदायिक वाटाघाटीचे हे आर्थिक फळ मला पगारवाढीहूनही मोलाचे वाटते.

परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलण्याचा हा अधिकार एका ‘प्रातिनिधिक’ युनियनच्या स्वाधीन केला, आणि ते प्रतिनिधित्व गुप्त मतदानाने नव्हे, तर सभासदांच्या दप्तरांवरून ठरविले. उद्योगात शांतता नांदावी हा हेतू प्रामाणिक असेलही. पण ज्या संघटनेवरचा विश्वास उडाला, तिनेच केलेला करारनामा कामगारांवर बंधनकारक राहिला व तिला वगळून केलेला संप बेकायदा ठरला. शहरातील इंजिनिअरिंग व रसायनांच्या कारखान्यांतले कामगार आपल्या पसंतीची युनियन निवडून पगार वाढवून घेत असता गिरणीकामगार मागे पडत गेला, तो या मक्त्यामुळेही.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून पेटलेला असंतोष दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपात परिणत झाला. १९४६ चा हा कायदा रद्द करावा, ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. संघटनेचा पायरव नसलेल्या भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेण्याची सोय मालकांना उपलब्ध होती, म्हणून त्यांना थांबणे परवडले. कामगारांना परवडले नाही. तो संप रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा एकाधिकार पुन्हा देऊ केला आहे. तो पाठिंबा कारखान्याच्या दारात, गुप्त मतपेटीतूनच मोजला जावा, असा आग्रह प्रत्येक युनियनने, विशेषतः बहुमत आपलेच आहे अशी खात्री असलेल्या युनियनने, आजच धरावा.