घरपट्टी, कार्ड आणि बट्टा

पेशवाईत सारा भरावयास आलेल्या रयतेचे नाणे सरकारी हिशेबात धरलेल्या नाण्याहून हलके निघाले, म्हणजे पोतदार ते पारखून त्यावर बट्टा आकारी आणि तो बट्टा रयतेच्याच माथी बसे. १८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या मुलखात रूढ केला आणि सार्वजनिक देणे फेडताना केवळ पैशाच्या रूपापायी वर काही मोजण्याचा तो शिरस्ता पुढे क्रमाक्रमाने मोडला. वटणावळीचा प्रश्न उरला तो बाहेरगावच्या धनादेशापुरता, आणि तोही पालिकांनी असे धनादेश स्वीकारले जाणार नाहीत, असे देयकावर छापून निकालात काढला. घरपट्टीच्या देयकावर जो आकडा, तोच खिडकीवर भरावयाचा आणि तोच पावतीवर यावयाचा, ही गोष्ट कित्येक पिढ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की कार्डाने भरणा करण्याची सोय आली तेव्हा त्या सोयीचा खर्च कोणी सोसावा, हे फारसे कोणी विचारलेच नाही.

खर्च तर होताच. कार्डाच्या व्यवहारातून बँक काही टक्के रक्कम कापून घेते, तिला एमडीआर म्हणतात. तीत कार्ड देणारी बँक, यंत्र बसविणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड वा रुपे यांसारखी जाळी, असे तिघे वाटेकरी असतात. दुकानदार हा खर्च मालाच्या किमतीत मुरवू शकतो. पालिकेला ती मुभा नाही, कारण कराचा आकडा कायद्याने आणि ठरावाने बांधलेला असतो. २४,००० रुपयांचे एक देयक घ्या. १ जानेवारी २०१८ पासून रिझर्व्ह बँकेने मोठ्या व्यापाऱ्यांसाठी ठरविलेल्या ०.९० टक्के या कमाल दराने डेबिट कार्डावर २१६ रुपये आणि त्यांवर १८ टक्के जीएसटीचे ३८ रुपये ८८ पैसे बँकेने जागीच कापून घेतले, तर पालिकेच्या खात्यात २३,७४५ रुपये १२ पैसे येतात. पावती मात्र पुऱ्या २४,००० चीच द्यावयास हवी, कारण नागरिकाने आपले देणे फेडलेले आहे. उणी रक्कम त्याच्या नावे थकबाकीत धरली, तर न केलेल्या कसुरीबद्दल त्याच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढू लागेल. दिवसाची जमा बँकेच्या विवरणाशी ताडून पाहणाऱ्या लेखा विभागातील लिपिकासमोर हा २५४ रुपये ८८ पैशांचा फरक येऊन पडतो, आणि तो कोणत्या शीर्षाखाली खर्ची टाकावयाचा, याचे उत्तर त्याला वरून मिळाले नसेल, तर लेखापरीक्षकाचा आक्षेप ठरलेलाच.

ही तूट भरून काढण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे सुविधा शुल्क या नावाने ती नागरिकाकडूनच घेणे, आणि बहुतेकांनी आरंभी तीच धरली. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डावर व्यापाऱ्याने अधिभार घेऊ नये, असे बजावले होते. तरी सरकारी खाती तो घेतच राहिली, इतकी की २४ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाला असे अधिभार काढून टाकण्याचा स्वतंत्र निर्णय करावा लागला. परंतु स्थानिक स्वराज्य हा राज्यसूचीतील विषय. दिल्लीचा निर्णय गल्लीतल्या भरणा केंद्रावर आपोआप उतरत नाही.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. जुन्या नोटांनी कर भरण्याची मुभा होती तोवर महाराष्ट्रातील पालिकांची भरणा केंद्रे रात्री उशिरापर्यंत गजबजली; मुदत सरली आणि रोकड आटली, तेव्हा त्याच खिडक्यांवर कार्डयंत्रे आली. तूट भरून काढण्याची दुसरी वाट येथूनच निघते: ही यंत्रे बँका पुष्कळदा विनामूल्य बसवून देतात. पण पालिकेचे चालू खाते आणि ठेवी आपल्याकडे राहाव्यात, हा त्यामागचा हेतू असतो, आणि चालू खात्यात पडून राहिलेल्या पैशावर व्याज मिळत नाही. बुडालेले हे व्याज कोणत्याच खर्चाच्या शीर्षाखाली दिसत नाही, म्हणून नगरसेवकही त्याविषयी प्रश्न विचारीत नाहीत. माझ्या मते तिन्ही वाटांत ही सर्वांत सदोष होय, कारण हिच्यात खर्च होतो आणि त्याचा ठराव मात्र कोठेच होत नाही.

तिसरी वाट, म्हणजे हा खर्च करवसुलीचाच एक भाग मानून अंदाजपत्रकात उघडपणे धरणे, तत्त्वतः निर्दोष आहे. रोख मोजणारे हात, तिजोरी, पहारा, न वटलेल्या धनादेशांचा पाठपुरावा, यांवर पालिका खर्च करीतच आली आहे, आणि तो खर्च रोखीने भरणाऱ्याकडून वेगळा वसूल करावा, असे कोणी कधी सुचविले नाही. मग कार्डवाल्याकडूनच तो का घ्यावा? डेबिट कार्डापुरता मला या युक्तिवादात दोष दिसत नाही. क्रेडिट कार्डाची गोष्ट निराळी. त्याच्या दरावर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही, आणि त्या दरातूनच कार्डधारकास उधारीची मुदत व बक्षिसाचे गुण मिळतात; लाखाची घरपट्टी क्रेडिट कार्डाने भरणाऱ्या बंगलेवाल्याचे हे लाभ चाळीतल्या भाडेकरूने भरलेल्या पाणीपट्टीतून पुरवावेत, हे न्यायाला धरून नाही. तेथे शुल्क भरणाऱ्यानेच द्यावे. मात्र त्याचा आकडा कार्डाचा क्रमांक लिहिण्यापूर्वी त्याच्यासमोर असला पाहिजे.

पुढे केंद्राने प्रश्नाची धार बोथट केली. २०१८ व २०१९ या दोन वर्षांत २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांचा एमडीआर केंद्राच्या तिजोरीतून भरला गेला. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरील एमडीआर शून्य झाला. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कर भरण्यासाठी यूपीआयची मर्यादा एका लाखावरून पाच लाखांवर गेल्याने मोठ्या इमारतींच्या देयकांनाही हा निःशुल्क मार्ग खुला झाला. तथापि शून्य दर म्हणजे शून्य खर्च नव्हे. मार्च २०२५ मध्ये केंद्राने बँकांसाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली, ती छोट्या व्यापाऱ्यांकडील २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांपुरतीच होती. २४,००० रुपयांच्या घरपट्टीवर बँकेला तीतून काहीही मिळण्यासारखे नव्हते. मोठ्या व्यवहारांवर पुन्हा दर लावावा, ही मागणी म्हणूनच वारंवार पुढे येते, आणि ती मान्य झाली, तर लिपिकासमोरचा तो २५४ रुपयांचा फरक नव्या रूपाने परत येईल. त्यापूर्वीच पालिकांनी वसुली खर्चाच्या शीर्षाखाली या खर्चासाठी स्वतंत्र तरतूद करावी, बँकेशी होणाऱ्या करारात कपात न करता पूर्ण रक्कम जमा करण्याची आणि शुल्काचे मासिक देयक वेगळे देण्याची अट घालावी, आणि तो करार सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.