लक्ष्मीपूजनाचे रुपये घासण्यापूर्वी…

दिवाळी जवळ आली की घरोघरी एक जुनी डबी कपाटाच्या तळातून वर येते. आजेसासूबाईंनी जपलेले पाच-सात राणीछाप रुपये, एखादी शिवराई, दोन-चार भोकाचे पैसे असा ऐवज तिच्यात असतो. वर्षातून एकदा त्याला पूजेच्या ताटात मान मिळतो. आणि त्याच्या आदल्या दिवशी? चिंच-मीठ नाहीतर पितांबरी घेऊन आपण तो लख्ख घासून काढतो!

मैत्रिणींनो, यंदा हा हात जरा आवरा. अलीकडे घरातला एखादा भाचा किंवा जावई सांगतो, “मामी, ही नाणी ग्रेडिंगला पाठवा, लाखात जातील.” लाखाचं बाजूला ठेवू, पण हे ग्रेडिंग काय असतं, त्याला पैसे कधी घालावेत आणि कधी घालू नयेत, हे डबीच्या मालकिणीला ठाऊक असायलाच हवं.

ग्रेडिंग म्हणजे काय?

आपल्या मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची प्रत लावतात ना, तसंच हे. तज्ज्ञ आधी नाणं खरं की खोटं ते बघतात. मग ते किती झिजलंय, मूळची झळाळी किती उरलीय, हे पाहून १ ते ७० मधला एक आकडा देतात आणि नाणं प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत करतात. या कामातल्या दोन प्रसिद्ध कंपन्या अमेरिकेतल्या. पीसीजीएस १९८६ साली निघाली, एनजीसी १९८७ साली.

आता मुद्द्याची गोष्ट. घासलेल्या नाण्याला या कंपन्या आकडा देत नाहीत, ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. चिंचेनं नुसता मळ जात नाही, वरचा मूळचा थरही जातो. तो पुन्हा आणता येत नाही. हाराला ओवण्यासाठी कडी डाखलेली किंवा भोक पाडलेली नाणी, त्यांचीही हीच गत. म्हणजे ग्रेडिंगमधली सगळ्यात मोठी बचत एका पैशाचीही नाही: नाणं आहे तसं ठेवायचं!

आधी घरी निवड करा

तांदूळ निवडतो तशी नाणी निवडा. १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडे काट्यावर वजन करून घ्या. वापरानं थोडी झीज होते, पण वजनात मोठी तफावत दिसली तर शंका घ्यावी.

वजन झालं की त्या दिवसाच्या भावानं चांदीची किंमत काढा. ही झाली तळाची किंमत. व्हिक्टोरिया राणीचे आणि पंचम जॉर्जचे बहुतेक झिजलेले रुपये याच्या थोडेच वर जातात. त्यांच्यावर ग्रेडिंगचा खर्च करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

काही साली मात्र नीट बघा. १९११ च्या रुपयावर बादशहाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गहजब झाला, आणि पुढच्या वर्षी चित्र बदलावं लागलं! तो रुपया संग्राहक आवडीनं शोधतात. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही पुष्कळ. अशा नाण्याला मात्र खरेपणाची पावती असणं मोलाचं.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘तपासून परत तर येणार आहे’ ही सबब चालत नाही. म्हणजे शिवराई, राणीछाप आणि १९११ चा रुपया परदेशी ग्रेडिंगला पाठवायचे नाहीत. १९३९ चा रुपया अजून शंभरीच्या आत आहे.

जुन्या नाण्यांची पारख इथंच करून घ्यावी. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथं जाणकार भेटतात. परवाना असलेल्या लिलाव संस्था लिलावाला घेण्याआधी नाणं बघतातच. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाणेशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्था आहे. एकाच्या शब्दावर न जाता दोघांचं मत घ्यावं. आणि घर बांधताना पायात नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात सातवाहनांच्या काळातल्या वस्तू सापडल्या, त्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात बघायला मिळतात. मुलांना घेऊन एकदा जाच.

खर्च आटोक्यात कसा ठेवाल?

फी नाण्याच्या किमतीप्रमाणे आणि घाईप्रमाणे बदलते. सावकाश चालणारा वर्ग स्वस्त असतो, तोच घ्यावा. फीच्या जोडीला हाताळणी, टपाल, विमा आणि परतीचा खर्च येतो. हा खर्च एका नाण्याला जवळजवळ तेवढाच आणि दहा नाण्यांनाही, म्हणून अधिकृत विक्रेत्यामार्फत चार-पाच जणींनी मिळून पाठवलं तर तो वाटला जातो. पावतीवर प्रत्येकीच्या नाण्याची साल, वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो हवेतच.

मग साधा हिशेब मांडा. समजा, सगळा खर्च तीन हजार आला आणि प्रमाणपत्रामुळे किंमत हजारानंच वाढणार असेल, तर नाणं डबीतच बरं.

गळाला लागू नका

राम-सीतेचा, १८१८ सालचा म्हणून विकला जाणारा ‘कंपनीचा आणा’ ही नाणी नव्हेत, बनावट टोकनं आहेत. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं २०१२ मधलं, ते लाखाला कोण घेणार? ‘नाणं विकून देतो, आधी कमिशन भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल खुद्द बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता.

डबीची नोंद

बऱ्याच घरांत ही नाणी ओटीत किंवा लग्नात मिळालेली, म्हणजे बाईचं स्त्रीधन. पण त्याची नोंद कुठंच नसते. अडचणीच्या वेळी ती मुठीनं उचलून चांदीच्या भावात दिली जातात आणि एखादा चांगला रुपया मुशीत वितळून जातो. म्हणून एका वहीत लिहा: कुठली साल, वजन किती, कुणाकडून मिळालं. नाणं कडेनं धरा, सुती कापडात किंवा कागदी पाकिटात ठेवा.

आणि पूजेचं काय? पंचामृताला नि हळदी-कुंकवाला एक झिजलेला राणीछाप पुरे. बाकीचे पाकिटातच ताटाशेजारी मांडा. लक्ष्मी काही काळवंडलेल्या रुपयावर रुसत नाही!