गोल्फमध्ये चेंडू मारतो एक आणि झेंड्याची काठी धरून उभा राहतो दुसराच, असं का?

७ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक पदकासाठी खेळत होती आणि आयुष्यात कधी गोल्फ न पाहिलेले हजारो भारतीय पहाटेपासून टीव्हीसमोर बसले होते. बॅग सांभाळायला सोबत तिची आई होती. अवघ्या एका फटक्याने तिचं पदक हुकलं आणि ती चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्णपदक जिंकलं आणि सकाळचं गोल्फ मागे पडलं.

पण त्या निमित्ताने गोल्फ पहिल्यांदा पाहणाऱ्यांना एक प्रश्न नक्की पडला असणार. फटका मारणारा लांब उभा असतो आणि होलजवळ दुसराच कुणीतरी झेंड्याची काठी धरून थांबलेला असतो. चेंडू निघाला की तो काठी उपसतो आणि बाजूला होतो. हे नेमकं काय चाललेलं असतं?

काठी मुळात असते कशाला?

गोल्फचा होल फक्त सव्वाचार इंच रुंद असतो, म्हणजे १०८ मिलिमीटर. तो कुठे आहे हे लांबून कळावं म्हणून त्यात झेंडा लावलेली काठी उभी करतात. तिला फ्लॅगस्टिक किंवा नुसतं ‘पिन’ म्हणतात.

होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताला ग्रीन म्हणतात. चेंडू ग्रीनवर आला की पटर नावाच्या काठीने तो हळूच ढकलायचा असतो. अंतर पन्नास-साठ फूट असेल तर जमिनीतला तो होल दिसतच नाही. काठी काढून टाकली तर नेम कुठे धरायचा? आणि ठेवली तर चेंडू तिच्यावर आपटून बाहेर येण्याची भीती.

यावर उपाय म्हणजे कुणीतरी काठी धरून उभं राहायचं. मारणाऱ्याला होलची जागा दिसते आणि चेंडू पोहोचण्याआधी काठी निघालेली असते. यालाच काठी ‘अटेंड’ करणं म्हणतात. व्यावसायिक स्पर्धेत हे काम बहुतेक वेळा कॅडी करतो. कॅडी नसेल तर सोबत खेळणाऱ्यांपैकी कुणीतरी करतो, शक्यतो ज्याचा चेंडू होलच्या सर्वात जवळ आहे तो.

म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा आहे, त्याचाच फटका नीट जावा म्हणून खेळाडू स्वतः काठी धरून उभा राहतो!

चूक एकाची, दंड दुसऱ्याला

२०१८ पर्यंतचा नियम कडक होता. ग्रीनवरून मारलेला चेंडू काठीला लागला तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड बसायचा आणि मॅच प्लेमध्ये तो होलच हातचा जायचा. काठी धरणाऱ्याचं लक्ष नसलं किंवा काठी होलमध्ये अडकून बसली, तरी दंड चेंडू मारणाऱ्यालाच. एकाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याची अख्खी स्पर्धा जाऊ शकत होती. त्यामुळे काठी धरण्याची एक शिस्तच तयार झाली. ती अशी:

१. आधी विचारायचं. समोरच्याला काठी धरलेली हवी आहे का, हे त्याने ठरवायचं असतं.

२. चालताना पायाखाली बघायचं. दुसऱ्याचा चेंडू ज्या वाटेने होलकडे जाणार, तिच्यावर पाय पडता कामा नये. होलच्या पलीकडची वाटही सांभाळायची, कारण चेंडू पुढे गेला तर परतीचा फटका तिथूनच मारायचा असतो.

३. होलपासून हातभर लांब उभं राहायचं. अगदी खेटून उभं राहिलं तर वजनाने होलची कड दबते.

४. सावलीकडे लक्ष द्यायचं. ती होलवर किंवा चेंडूच्या वाटेवर पडत असेल तर बाजू बदलायची.

५. झेंड्याचं कापड काठीसोबत मुठीत धरायचं. वाऱ्याने फडफडलं तर मारणाऱ्याचं लक्ष जातं.

६. काठी आधीच किंचित सैल करून ठेवायची आणि चेंडू निघाला की सरळ वर उचलायची. तिरकी ओढली तर होलची कड तुटते.

७. काढलेली काठी फेकायची नाही, सगळ्यांच्या वाटेबाहेर अलगद ठेवायची. ज्याचा चेंडू सर्वात आधी होलमध्ये गेला, त्याने काठी हाताशी घेऊन थांबायचं आणि शेवटचा खेळाडू संपला की ती सरळ उभी करायची, हा सर्वसाधारण रिवाज आहे.

२०१९ मध्ये काय बदललं?

गोल्फचे नियम ‘आर अँड ए’ आणि ‘यूएसजीए’ या दोन संस्था मिळून ठरवतात. खेळ रेंगाळू नये म्हणून त्यांनी १ जानेवारी २०१९ पासून मोठे बदल केले. आता काठी होलमध्ये ठेवूनच पट मारता येतो आणि चेंडू तिला लागला तरी दंड नाही. काठी धरून उभ्या असलेल्याला चेंडू चुकून लागला, तरीही दंड नाही.

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेला अमेरिकन खेळाडू ब्रायसन डीशॅम्बो याने लगेच काठी ठेवून खेळायला सुरुवात केली. वेगात आलेला चेंडू काठीला अडून होलमध्ये पडतो, असं काहींचं म्हणणं. कडेला घासून आलेला चेंडू उलट बाहेर फेकला जातो, असं इतरांचं. हा वाद अजून चालू आहे.

मात्र एक गोष्ट अजून तशीच आहे. काठी ठेवायची, काढायची की कुणाला धरायला लावायची, हा निर्णय मारणाऱ्याचा असतो आणि तो फटक्याआधी घ्यायचा असतो. त्याने काठी ठेवून खेळायचं ठरवलं असेल आणि चेंडू कुठे थांबेल यावर परिणाम व्हावा म्हणून दुसऱ्या खेळाडूने ती परस्पर हलवली, तर दंड त्या हलवणाऱ्याला बसतो.

मग आता ही शिस्त हवी कशाला?

गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूमागे पंच फिरत नाही. आपला स्कोअर आपणच सांभाळायचा आणि आपली चूक आपणच सांगायची, यावर हा खेळ उभा आहे. शिवाय एकाने केलेली होलची तुटकी कड किंवा उमटवलेला बुटाचा ठसा मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. दंड गेला तरी हे नुकसान तसंच राहतं.

एप्रिल २०२१ मध्ये हिदेकी मात्सुयामाने मास्टर्स जिंकली. मेजर स्पर्धा जिंकणारा तो पहिला जपानी पुरुष खेळाडू. पण सोशल मीडियावर गाजला तो त्याच्या कॅडीचा, शोता हायाफुजीचा, व्हिडीओ. आठवणीसाठी झेंडा काढून घेतल्यावर त्याने काठी अठराव्या होलमध्ये परत नीट उभी केली, टोपी काढली आणि मैदानाकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. असं करायला त्याला कोणत्याही नियमाने सांगितलं नव्हतं.